फिलिपिनो काठीविद्या आणि आत्मसंरक्षण

मनुष्याला निसर्गानें वाघाचे पंजे दिले नाहींत, बैलाचीं शिंगें दिलीं नाहींत, कीं कासवाची पाठ दिली नाहीं; त्याला दोन हात आणि विचार करणारें एक डोकें दिलें. त्यामुळें स्वतःचें रक्षण कसें करावें हा प्रश्न त्याच्यापुढें पहिल्यापासून उभा आहे, आणि निरनिराळ्या देशांतील लोकांनीं आपापल्या परीनें त्याचें उत्तर शोधलें आहे. फिलिपाइन बेटांतील 'आर्निस' अथवा 'एस्क्रिमा' ही काठीविद्या हें अशाच उत्तरांपैकीं एक होय. चित्रपटांत दोन वेत विजेसारखे फिरतांना पाहून मुलें भारून जातात, पालक मात्र विचारतात, "ह्या विद्येनें आमचें मूल खरोखर सुरक्षित होईल, कीं नुसतें भांडखोर होईल?" प्रश्न रास्त आहे. त्याला एका शब्दांत उत्तर देतां येत नाहीं. म्हणून या विद्येचें स्वरूप प्रथम सांगून मग आमचें मत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फिलिपाइन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. स्पॅनिश लोकांनीं तेथें १५६५ पासून १८९८ पर्यंत राज्य केलें, आणि या विद्येचीं रूढ नांवेंही त्यांच्याच भाषेंतून आलेलीं आहेत. 'आर्निस' हा शब्द चिलखतवाचक स्पॅनिश शब्दापासून, तर 'एस्क्रिमा' हा तलवारबाजीच्या स्पॅनिश शब्दापासून निघाला. परदेशांत 'काली' हें तिसरें नांवही प्रचलित आहे. नांवें परकीं असलीं तरी विद्या शेतकऱ्याच्या घरांत वाढलेली आहे. तेथील खेडुताजवळ 'बोलो' नांवाचा कोयता असे; त्यानेंच तो रान तोडी, नारळ फोडी, आणि प्रसंग पडल्यास आपलें घरदारही राखी. १८९६ सालीं स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव झाला, तेव्हां बंदुका अपुऱ्या असल्यामुळें पुष्कळांच्या हातीं हाच बोलो होता. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील फिलिपिनो लोकांची जी पलटण १९४२ सालीं उभारली गेली, तिच्या शिपायांनींही बंदुकीबरोबर बोलो बाळगला.

तालमीसाठीं मात्र लोखंडाऐवजीं वेताची काठी वापरतात. ती सुमारें अठ्ठावीस इंच लांब असते. वेत लवचिक असल्यानें तुटून त्याच्या धारदार फांका उडत नाहींत, आणि हलका असल्यानें लहान मुलासही पेलतो. आमच्या विद्यार्थ्यांना वेताची ओळख आजवर निराळ्याच कारणानें झाली असेल. पण तोच वेत विद्यार्थ्याच्या हातीं देऊन त्याला शिस्त शिकवितां येते, हें फिलिपिनो गुरूंनीं दाखवून दिलें आहे. सेबू शहरांत १९३२ सालीं 'दोसे पारेस' हा प्रसिद्ध आखाडा स्थापन झाला. पुढें १९५२ मध्यें 'बालिन्तावाक' ही दुसरी परंपरा त्याच शहरांत सुरू झाली. जुन्या तालमींत शिष्याचा हात चुकला कीं त्याच्या बोटांवर काठी बसे, आणि त्यामुळें थोडेच शिष्य टिकत. रेमी प्रेसास (१९३६-२००१) या गुरूंनीं हातावर मारण्याऐवजीं काठीवर काठी मारण्याची तालीम रूढ केली आणि ही विद्या शाळांपर्यंत पोंचविली. अखेर डिसेंबर २००९ मध्यें फिलिपाइन्सच्या सरकारनें कायदा करून आर्निस ही राष्ट्रीय युद्धकला व राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केली, आणि शाळांच्या वार्षिक राष्ट्रीय क्रीडामहोत्सवांत पहिल्या दिवशीं पहिला सामना आर्निसचाच व्हावा असें ठरविलें.

या विद्येचे भक्त तिची थोरवी सांगतांना माक्तानच्या लढाईचा दाखला नेहमीं देतात. २७ एप्रिल १५२१ रोजीं माक्तान बेटावर लापुलापु नांवाच्या सरदाराच्या लोकांनीं फर्डिनंड मॅगेलन या जगप्रसिद्ध दर्यावर्द्याला ठार केलें. लापुलापुच्या हातीं एस्क्रिमाची काठी होती असें कित्येक सांगतात; परंतु मॅगेलनबरोबर असलेल्या पिगाफेत्ता नांवाच्या इटालियन गृहस्थानें जो वृत्तान्त लिहून ठेविला आहे, त्यांत अशा कोणत्याही विद्येचें नांव नाहीं. त्यांत जें आहे तें मात्र अधिक बोधप्रद आहे. किनाऱ्याजवळचें पाणी उथळ व खडकाळ असल्यानें होड्या दूरच राहिल्या, आणि त्यांवरील तोफांचा मारा पोंचेना. एकूणपन्नास परकीय मांड्यांइतक्या पाण्यांतून चालत आले. बेटवासी संख्येनें कितीतरी पट अधिक होते. परकीयांचें अंग चिलखतानें झांकलेलें असून पाय उघडे आहेत हें त्यांनीं हेरलें, आणि बाण व भाले पायांवर टाकण्यास सुरुवात केली. याचा अर्थ असा कीं, त्या दिवशीं कोणत्या गुप्त डावानें जय मिळविला नाहीं; जागेची निवड, अंतराचें भान आणि शत्रूच्या उण्या जागेची पारख यांनीं तो मिळविला. आत्मसंरक्षणाचें सारें शास्त्र या तीन गोष्टींत आलें आहे, असें आम्हांस वाटतें.

आतां विद्येच्या अंतरंगाकडे वळूं. बहुतेक देशांच्या युद्धकलांत विद्यार्थी आधीं रित्या हातांनीं लढण्यास शिकतो, आणि शस्त्र पुष्कळ वर्षांनीं त्याच्या हातीं येतें. फिलिपिनो पद्धत याच्या उलट आहे. येथें पहिल्याच दिवशीं काठी हातीं देतात. त्यामागील विचार साधा आहे: हल्लेखोर रित्या हातांनीं येईल असें गृहीत धरणें हाच मोठा धोका होय. शिवाय काठी, सुरी व रिता हात यांसाठीं तीन निराळ्या विद्या शिकवीत नाहींत. मनुष्याचा हात ठराविक दिशांनींच येऊं शकतो. वरून तिरपा, खालून तिरपा, आडवा, सरळ डोक्यावर किंवा पुढें भोसकणारा. या दिशांना क्रमांक दिलेले असतात. कित्येक परंपरांत असे बारा प्रहार मोजतात. विद्यार्थी शस्त्राचें नांव न पाहतां दिशा ओळखण्यास शिकतो, आणि त्या दिशेला तोंड देणारी एकच हालचाल काठीनें, छत्रीनें अगर नुसत्या हातानेंही करतो.

दुसरें तत्त्व अंतराचें. लांबचें, मध्यम आणि जवळचें अशीं तीन अंतरें ते मानतात, आणि त्यांना 'लार्गो', 'मेदिओ' व 'कोर्तो' म्हणतात. लांबच्या अंतरावर हल्लेखोराच्या शरीरावर न मारतां, शस्त्र धरलेल्या त्याच्या हातावरच मारावें असा त्यांचा दंडक आहे. सापाचे दात पाडले कीं साप निरुपद्रवी होतो, अशी उपमा ते यासाठीं देतात. तिसरें तत्त्व पायांचें. हल्ल्याच्या रेषेंत सरळ मागें न सरतां, त्रिकोणाच्या बाजूवरून तिरपें पाऊल टाकून त्या रेषेबाहेर निघावयाचें. कारण मागें चालणारा मनुष्य पुढें धांवणाऱ्या मनुष्यापेक्षां नेहमींच मंद असतो.

या सर्वांचा व्यवहारांत उपयोग कितपत? आमच्या मतें तीन बाबतींत तो निःसंशय आहे. पहिली बाब ही कीं, या विद्येला महागड्या साधनांची किंवा पैलवानी देहाची गरज नाहीं. काठीच्या टोंकाचा वेग स्नायूंच्या बळापेक्षां मनगटाच्या व कमरेच्या वळणावर अवलंबून असतो. त्यामुळें अंगानें किरकोळ मुलगा किंवा मुलगी हिच्यापासून तितकाच लाभ घेऊं शकते. दुसरी ही कीं, शिकलेलें कौशल्य रोजच्या वस्तूंना लागू पडतें. बंद केलेली छत्री, चालण्याची काठी, गुंडाळलेलें वर्तमानपत्र, हीं सर्व हातांतील साधनें होतात. तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. काठीच्या तालमीनें विद्यार्थ्याच्या मनांत शस्त्राविषयीं योग्य तो धाक उत्पन्न होतो. लांकडाची खोटी सुरी खडूनें माखून दोघांना खेळावयास लावलें, तर अवघ्या दहा पळांत दोघांच्याही अंगावर किती पांढऱ्या रेघा उमटतात हें पाहावें. मग सुरीवाल्याशीं झुंजण्याची बढाई तो विद्यार्थी पुन्हां मारणार नाहीं.

येथेंच या विद्येच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. कारण भक्त मंडळी त्या सांगत नाहींत. तालमींत जोडीदार ठराविक प्रहार करतो आणि हात पुढें तसाच ठेवतो. मग शिष्य मोठ्या ऐटीनें त्याच्या हातांतील सुरी हिसकावून घेतो व पाहणारे टाळ्या वाजवितात. रस्त्यावरचा हल्लेखोर इतका सौजन्यशील नसतो. तो एकाच जागीं पुन्हां पुन्हां भोसकतो, हात क्षणांत मागें ओढतो, दुसऱ्या हातानें गचांडी धरतो, आणि बहुधा शस्त्र दिसण्यापूर्वींच जवळ आलेला असतो. अशा वेळीं भीतीनें काळीज धडधडूं लागतें, दृष्टि आकुंचित होते, बोटें कांपतात, आणि नाजूक डाव विसरले जातात. राहतात त्या केवळ शेंकडों वेळां घोटलेल्या ठोकळ हालचाली. अमेरिकेंतील डेनिस टूलर या पोलीस अंमलदारानें १९८३ सालीं असें दाखविलें कीं, एकवीस फुटांवरून सुरी घेऊन धांवणारा मनुष्य सुमारें दीड सेकंदांत अंगावर येऊन पोंचतो. दीड सेकंदांत किती डाव आठवतील, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

म्हणून जो गुरु 'सुरीवाल्यासमोर उभा राहा' असें शिकवितो, तो शिष्याचा मित्र नव्हे. पाकीट मागितलें तर पाकीट द्यावें. पळतां येत असेल तर पळावें. ओरडून लोक गोळा करावे. मध्यें टेबल, खुर्ची, सायकल, जें असेल तें घालावें. आणि यांतील कांहींच शक्य नसेल तेव्हांच विद्येचा आश्रय घ्यावा, तोही सुटण्यापुरता. पळून जाण्यांत भ्याडपणा आहे असें आमच्या तरुणांस वाटतें. पण घरीं आई वाट पाहत असतां चार रुपयांसाठीं किंवा एका शिवीसाठीं प्राण पणास लावणें यांत कोणतें शौर्य आहे?

कायद्याचेंही म्हणणें हेंच आहे. फिलिपाइन्सच्या १९३० च्या दंडविधानांत आत्मसंरक्षण ग्राह्य धरण्यास तीन अटी आहेत: हल्ला बेकायदेशीर असावा, प्रतिकाराचें साधन वाजवी गरजेपुरतें असावें, आणि प्रतिकार करणाऱ्यानें स्वतः पुरेशी चिथावणी दिलेली नसावी. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही खासगी संरक्षणाचा हक्क मान्य केलेला असून, बचावास आवश्यक तेवढ्यापेक्षां अधिक इजा करण्याचा हक्क मात्र कोणासही दिलेला नाहीं. पडलेल्या मनुष्यावर घातलेला दुसरा टोला हें आत्मसंरक्षण नव्हे. तो सूड होय.

आमच्या शाळेंत ज्या ग्रंथाचें वाचन नित्य होतें, त्यांतील दोन प्रसंग येथें आठवतात. यरीहोच्या वाटेवर लुटारूंनीं एका वाटसरूला अर्धमेला करून टाकलें. त्याचा खरा शेजारी ठरला तो त्याच्या जखमा बांधणारा शोमरोनी. आणि गेथशेमाने बागेंत पेत्रानें तलवार उपसून प्रमुख याजकाच्या दासाचा कान कापला, तेव्हां प्रभूनें त्याला तलवार म्यानांत घालावयास लाविली आणि त्या दासाचा कान बरा केला. यावरून दुर्बळाचें रक्षण करूंच नये असें आम्ही म्हणत नाहीं; परंतु ज्याच्या हातांत मारण्याचें कौशल्य आहे, त्याच्या हातांत बरें करण्याचेंही कौशल्य असावें, असें मात्र अवश्य म्हणतों. फिलिपाइन्समधील कित्येक जुने एस्क्रिमा-गुरु हाडें बसविण्यांत व अंग रगडून दुखणें घालविण्यांतही वाकबगार असत. प्रथमोपचाराचें शिक्षण या विद्येच्या जोडीनें दिलें जावें, ही आमची सूचना यामुळें नवी नव्हे.

सारांश, आमचें मत असें आहे. व्यायाम, चपळाई, शिस्त आणि सावधपणा यांसाठीं ही विद्या उत्तम आहे, आणि मुलामुलींनीं ती अवश्य शिकावी. पण पालकांनीं गुरूची निवड करतांना चार गोष्टी पाहाव्या. डोक्यास व हातांस संरक्षक साधनें आहेत कीं नाहींत. जोडीदार कधींतरी खरा विरोध करतो कीं नाहीं. पळून जाण्याचा सराव करून घेतात कीं नाहीं. आणि शिष्याचा राग वाढतो आहे कीं उणा होतो आहे. चौथी कसोटी घरींच लावतां येते. काठी शिकूं लागल्यापासून मुलगा धाकट्या भावंडांशीं अधिक सौम्य वागत असेल, तर गुरु चांगला आहे असें समजावें. तो दप्तरांत सुरी लपवूं लागला, तर त्याच दिवशीं तालीम बंद करावी.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांला एवढेंच सांगणें आहे. काठी शिका, मन लावून शिका. परंतु ती वापरण्याचा प्रसंग जन्मांत एकदांही आला नाहीं, तर आपली मेहनत वायां गेली असें मानूं नका. अंधारी गल्ली टाळून हमरस्त्यानें घरीं येणारा, चिथावणी ऐकून न ऐकल्यासारखें करणारा आणि भांडणाऱ्या दोघांना बाजूला नेणारा विद्यार्थी या विद्येचा पहिला धडा शिकला आहे. बारा प्रहार त्यानें मागाहून सावकाश शिकावे.