सामन्याची किंमत

अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या अध्यक्षांना २०१५ मध्ये राजीनामा द्यावा लागला, तो कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा विजय म्हणून आजही सांगितला जातो. विजय होताच. पण त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या तारखा एकापुढे एक मांडल्या की तोंड कडू होते.

१० ऑक्टोबरला विद्यापीठाच्या वार्षिक मिरवणुकीत विद्यार्थ्यांनी हातात हात गुंफून अध्यक्ष टिम वुल्फ यांची मोटार अडवली आणि ध्वनिवर्धकावरून विद्यापीठातील वर्णद्वेषाचा इतिहास सालवार वाचायला घेतला. त्यांच्या गटाच्या नावातच १९५० हे साल होते. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात कृष्णवर्णीयांना पहिला प्रवेश मिळाला तो त्या साली. तोही सर्वोच्च न्यायालयाने लॉइड गेन्स या विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिल्यावर बारा वर्षांनी! वुल्फ मोटारीतून खाली उतरले नाहीत. त्याबद्दल त्यांनी माफी मागितली, ती जवळजवळ चार आठवड्यांनी. दरम्यान एका वसतिगृहाच्या न्हाणीघराच्या भिंतीवर विष्ठेने नाझींचे स्वस्तिक काढले गेले होते.

२ नोव्हेंबरला जोनाथन बटलर हा पदव्युत्तर विद्यार्थी उपोषणाला बसला. मैदानात तंबू पडले. पाच दिवस अध्यक्ष जागचे हलले नाहीत. ७ तारखेच्या रात्री फुटबॉल संघातील कृष्णवर्णीय खेळाडूंनी जाहीर केले, की वुल्फ जाईपर्यंत आम्ही खेळणार नाही. प्रशिक्षकही त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढच्या शनिवारचा सामना रद्द झाला असता तर करारानुसार मिसुरी विद्यापीठाला प्रतिस्पर्धी विद्यापीठाकडे दहा लाख डॉलर भरावे लागणार होते. ९ तारखेला सकाळी वुल्फ पायउतार झाले. त्याच दिवशी कुलगुरूंनीही पद सोडत असल्याचे सांगितले.

एक पोरगा अन्नावाचून झिजतो आहे, हे प्रशासनाला सोसवत होते. सामना बुडतो म्हटल्यावर मात्र धाबे दणाणले. (इतर कारणेही होती, अधिष्ठातेही कुलगुरूंवर नाराज होते, हे मान्य. पण मुहूर्त कोणी काढला, हे लपत नाही.) कळ नेमकी कुठे दाबली गेली, हे राज्यातल्या राजकारण्यांनाही बरोबर उमगले. डिसेंबरात एका आमदाराने विधेयक आणले: खेळायला नकार देणाऱ्या खेळाडूची शिष्यवृत्ती काढून घ्या. ओरड झाली आणि ते मागे घ्यावे लागले, हा भाग वेगळा.

विद्यार्थ्यांनी मागितला होता तो काही केवळ राजीनामा नव्हे. २०१७-१८ पर्यंत दहा टक्के अध्यापक आणि कर्मचारी कृष्णवर्णीय असावेत, मानसिक आरोग्यासाठी जादा पैसा द्यावा, अभ्यासक्रमात वर्णभेदाचा विषय सक्तीचा व्हावा, अशा रोकड्या मागण्या होत्या. अध्यापकांचे दहा टक्के मुदतीत झाले नाहीत. या मागण्यांना वर्षे लागतात, पदे लागतात, अंदाजपत्रकात तरतूद लागते. आणि त्या रखडल्या म्हणून कोणता सामना रद्द होत नाही. राजीनाम्यानंतर उभा केलेला वैविध्य आणि समावेशनाचा कारभार २०२४ मध्ये, राज्यातले वारे फिरल्यावर, विद्यापीठाने स्वतंत्र विभाग म्हणून मोडीत काढला. त्या वर्षीचा फुटबॉलचा हंगाम ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे पार पडला.