कागदावरचा टक्का आणि दारातली पायरी

अपंगत्व मोजणे हे डॉक्टरांचे काम. 40 टक्के भरले तर सवलत द्या, नाही भरले तर माणूस धडधाकट समजा, असे म्हणणारे जालना जिल्ह्यात पारावरही भेटतात आणि कचेरीतही. त्यांच्या बोलण्याला धार येते ती बोगस प्रमाणपत्रांमुळे. खरा गरजू रांगेत ताटकळतो आणि ठणठणीत माणूस राखीव जागेवर बसतो, हे पाहून चीड येणारच. चीड रास्त आहे, तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा.

बोगसगिरीवर इलाज कायद्यातच आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 91 प्रमाणे लबाडीने लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ते कलम वापरा. त्याऐवजी प्रत्येकाकडे संशयाने पाहिले, की पहिला मार बसतो ज्यांचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही त्यांना: मनोरुग्णाला, कर्णबधिराला, सिकलसेलच्या वेदनेने कळवळणाऱ्याला. याच कायद्याने 1995 च्या कायद्यातल्या सात प्रकारांवरून यादी एकवीसवर नेली आणि सिकलसेलसारख्या न दिसणाऱ्या अपंगत्वालाही ओळख दिली.

आता टक्क्याचे पाहू. जालना हे सळईचे शहर. रोलिंग मिलमध्ये लालबुंद सळई चिमट्याने धरून वळवणाऱ्या कामगाराचा अंगठा गेला, तर नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्यातली अनुसूची कमाईची ताकद 30 टक्के घटली, असे धरत असे. चिमटा धरायला अंगठाच नसेल, तर त्या मिलमध्ये त्याची किती टक्के कमाई उरली? सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे उत्तर 1975 मध्येच दिले आहे. डावा हात गमावलेल्या एका सुताराचे अपंगत्व अंशतः आहे, असा मालकाचा दावा होता. सुतारकाम एका हाताने होत नाही म्हणून त्याचे नुकसान पूर्णच धरावे, हा निर्णय न्यायालयाने कायम ठेवला. पुढे 2010 मध्ये, अपघाताच्या एका खटल्यात, तेच सूत्र अधिक स्पष्ट झाले: हात गेला तर ड्रायव्हरची जवळपास सगळी कमाई बुडू शकते, सरकारी कारकुनाची कदाचित काहीच नाही.

पेन्शनसाठी कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मान्य. संजय गांधी निराधार योजनेची यादी अंदाजाने करता येणार नाही. पण ती रेघ सोयीची आहे, तिलाच सत्य समजणे घातक. 2016 च्या कायद्याची व्याख्याच सांगते, की शरीरातली किंवा मनातली दीर्घकाळची उणीव आणि भोवतालचे अडथळे यांच्या गाठीतून माणूस समाजात मागे पडतो. पैकी डॉक्टरांच्या हाती पहिली बाजू आहे. दुसरी ग्रामपंचायतीच्या, एसटीच्या, शाळेच्या आणि गिरणीमालकाच्या हाती.

ग्रामपंचायतीच्या दाराशी दीड फुटाचा ओटा असेल, तर व्हीलचेअरला अठरा फूट लांबीचा उतार लागतो. एक फूट चढायला बारा फूट, हा साधा हिशेब. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी जेमतेम पाच-सहा फुटांत सिमेंट ओतून काम आटोपलेले दिसते. त्यावरून चढताना खुर्ची मागे कलंडते, उतरताना ब्रेक लागत नाही, कठडाही नसतो. असा उतार कागदोपत्री सुविधा आणि वापरायला सापळा. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत जून 2022 मध्ये संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे किमान निकष केवळ शिफारशींसारखे नकोत, सक्तीचे हवेत, असे बजावले.

यावर उत्तर येते, ‘आमच्या गावात व्हीलचेअरवाला दिसतच नाही, मग खर्च कशाला?’ तो दिसत नाही, कारण घराचा उंबरा, चिखलाचा रस्ता आणि एसटीची पायरी यांनी त्याला घरात अडवून ठेवले आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांगांची नोंद झाली. अंबड, मंठा, भोकरदनच्या गावांतही ते आहेतच. स्थानिक संस्थांनी 5 टक्के निधी त्यांच्यासाठी राखायचा असतो. येत्या ग्रामसभेत त्या निधीचा हिशेब मागा, आणि ती सभा ओट्यावर न भरवता खाली अंगणात भरवा.