आधी पैसे, मग गाणे

कलावंताने पैशाचे बोलू नये, असे आपल्याकडे अजूनही मानतात. गायकाने मानधनाचा आकडा आधीच सांगितला, की संयोजकांच्या कपाळावर आठी उमटते. अशा वेळी मला चक बेरी आठवतो.

१९२६ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे जन्मलेल्या या कृष्णवर्णीय गिटारवादकाने मोटारीच्या कारखान्यात काम केले, केशभूषेचे शिक्षण घेतले. १९५५ मध्ये शिकागोच्या चेस कंपनीने त्याचे ‘मेबलीन’ काढले आणि ते देशभर गाजले. आधी गिटारने खणखणीत हाक द्यायची, मग शब्द, ही त्याची रीत रॉक अँड रोलची ओळखच ठरली. बीटल्सनी त्याची गाणी गायिली. रोलिंग स्टोन्सची १९६३ मधली पहिली तबकडी त्याच्याच गाण्याची. १९७७ मध्ये ‘जॉनी बी. गुड’ व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले. त्याच सोनेरी तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरही आहेत!

पण ‘मेबलीन’चा हिशेब माझ्यासारख्या जन्मभर खातेवह्या तपासलेल्या माणसाला अस्वस्थ करतो. तबकडीवर बेरीबरोबर आणखी दोघांची नावे छापली गेली: रेडिओवर गाणी वाजवणारा ॲलन फ्रीड आणि रस फ्रॅटो. गाणे बेरीचे, वाटेकरी तिघे! पूर्ण श्रेय परत मिळायला १९८६ साल उजाडले. पुढे हा माणूस रोख रक्कम हाती पडल्याशिवाय रंगमंचावर चढेना. लोकांनी त्याला लोभी ठरवले. मी म्हणेन, दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पीत होता.

तो संत नव्हता. करचुकवेगिरीबद्दल १९७९ मध्ये त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली. २००० मध्ये तर त्याचा जुना पियानोवादक जॉनी जॉन्सनच कोर्टात गेला. अनेक गाणी आपण दोघांनी मिळून रचली, असा त्याचा दावा होता. मधे फार वर्षे लोटली, म्हणून २००२ मध्ये तो फेटाळला गेला. खरेखोटे ठरलेच नाही. २०१७ मध्ये बेरी गेला.

बँकेत आम्ही म्हणत असू, स्नेह असला तरी कागद हवा. बेरीच्या वेळी कागद होता; तो खरा नव्हता. म्हणून तुमच्या घरातले मूल गाऊ-वाजवू लागले, तर त्याला सुरातालाबरोबर सहीपूर्वी कागद वाचायलाही शिकवा. आणि साथीदाराचे नाव त्यावर आहे ना, तेही पाहायला सांगा.