वेग खरा की भास?

सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारा मुलगा किंवा सून घरात असली, की ‘एआय’ हा शब्द हल्ली जेवतानाही कानावर पडतो. चार शब्दांत सांगितले की यंत्र प्रोग्रॅम लिहून देते! ‘गिटहब कोपायलट’ हे असे साधन २०२२ साली सर्वांसाठी खुले झाले आणि कामे आता निम्म्या वेळात उरकतील, असे साहेबलोकांना वाटू लागले.

पण काम खरोखरच लवकर होते का? ‘एमईटीआर’ या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२५ साली तपासून पाहिले. १६ अनुभवी प्रोग्रॅमर, त्यांच्या हातात मुरलेले प्रकल्प आणि २४६ कामे. कुठल्या कामाला एआय वापरायचे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. २४ टक्के वेळ वाचेल, असा त्यांचा अंदाज होता. काम संपल्यावरही ते म्हणाले, २० टक्के तरी वाचलाच. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला होता!

वेळ गेला कुठे? यंत्राला समजावण्यात, उत्तराची वाट पाहण्यात आणि आलेले उत्तर तपासून दुरुस्त करण्यात. यंत्राने दिलेल्यातले निम्मेसुद्धा स्वीकारण्याजोगे निघाले नाही. दुसऱ्याने लावलेल्या मांडणीवर हळदीची बरणी शोधणाऱ्या गृहिणीला हे वेगळे सांगायला नको.

अर्थात, त्यानंतर ही साधने पुष्कळ सुधारली आहेत. छोट्या किंवा अनोळखी कामात त्यांची मदतही होते.

टीममधला तिढा मात्र वेगळाच आहे. नवखा मुलगा यंत्राच्या मदतीने तासाभरात ढीगभर प्रोग्रॅम पुढे करतो. तपासणारी सीनियर एकटीच. यंत्राची चूक चुकीसारखी दिसत नाही, हीच खरी पंचाईत. सगळे नीटनेटके असते, फक्त व्याजाच्या हिशेबात २९ फेब्रुवारी राहून गेलेली असते. ‘हे असे का लिहिलेस?’ असे विचारले, तर त्या मुलाला उत्तर देता येत नाही. कारण ते त्याने लिहिलेलेच नसते. मग ती ओळ न् ओळ त्याच्यासोबत बसून वाचते.

प्रोग्रॅम किती झाले, हे साहेबांच्या तक्त्यात दिसते. या वाचनाच्या तासांना त्यात रकाना नसतो. घरी मात्र सुनेचे ताट रात्री साडेनऊपर्यंत झाकून ठेवलेले असते.