गायरानास विसावा द्या

गायरान सर्वांचे, म्हणून कोणाचेच नाही, अशी समजूत गावोगाव आढळते. पहिला पाऊस पडताच कोवळे गवत जनावरांच्या तोंडी जाते. मारवेल, शेडा यांसारखी कसदार गवते बी धरण्यापूर्वीच खुडली जातात, त्यांच्या जागी कुसळी माजते आणि उघड्या जमिनीवरील माती ओढ्यास मिळते.

यावर संपूर्ण चराईबंदी करावी काय? अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची रीत घातली व तिचे फळ त्या गावास मिळाले. तथापि, ज्याच्याजवळ दोन शेळ्यांखेरीज काही नाही, त्याची वाट अडवून केलेली बंदी टिकणार नाही, असे आमचे मत आहे.

म्हणून ग्रामसभेने गायरानाचे तीन भाग पाडावेत व दरवर्षी एक भाग पाळीपाळीने जून ते ऑक्टोबर राखावा. गवत फुलोऱ्यावर येताच कापावे. पुढे वाळल्यावर त्यातील प्रथिने घटतात. काही पट्टे मात्र बियांसाठी उभे ठेवावेत. कापलेल्या गवताचा पहिला वाटा भूमिहीन पशुपालकांस द्यावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय पावसाळ्यापूर्वीच ग्रामसभेपुढे मांडावा, ही विनंती.