मामाचा अॅम्प घ्यावा का?

दिवाळीचा बोनस खात्यात पडला की निम्म्या पब्लिकच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो. कुणाला बाईक हवी, कुणाला बँकॉक. आमच्या ग्रुपमधल्या एकुलत्या एक गिटारवाल्याला अॅम्प हवाय. तोही साधासुधा नाही, व्हॉल्व्हचा. आणि वाजवणार कुठे, तर रेवदंड्याच्या वाडीतल्या घरी. कारण अंधेरीच्या वन बीएचकेत आवाजाचं बटण तीनच्या पुढे सरकलं की खालच्या मजल्यावरून इंटरकॉम वाजतो. रेवदंड्यात दोन घरांच्या मध्ये नारळी-पोफळीची अख्खी बाग आहे. शिवाय लग्नसराईत हळदीच्या रात्री बेंजो पार्टी भोंगे लावून सुरू झाली, की त्यापुढे याची गिटार म्हणजे डास.

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आजोबांचा रेडिओ आठवतो? बटण फिरवलं की आधी आत मंद दिवे लागायचे आणि मग अर्ध्या मिनिटानं विविध भारती उगवायची. ते दिवे म्हणजे व्हॉल्व्ह, अमेरिकन भाषेत ट्यूब. रेडिओतून ते कधीच हद्दपार झाले. गिटारवाल्यांनी मात्र सोडले नाहीत, कारण आवाज ताणला की व्हॉल्व्ह हळूहळू फाटत जातो. गवयाचा आवाज वरच्या पट्टीत जरासा चिरकावा आणि तीच जागा लोकांनी डोक्यावर घ्यावी, तसं. हलकं छेडलं तर स्वच्छ, जोरात हाणलं तर खरखरीत. हे सगळं बोटांतून होतं, बटणातून नाही. आपला भिडू याच्यावरच फिदा आहे.

त्याला हवा असलेला अॅम्प म्हणजे फेंडर डीलक्स रिव्हर्ब. १९६३ मध्ये बाजारात आला. २२ वॉट, १२ इंची एक स्पीकर, वजन साधारण १९ किलो. २२ वॉट ऐकून हसू नका, बंद खोलीत कानठळ्या बसतात. जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडरनं आपली कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली आणि तेव्हापासून ‘सीबीएसच्या आधीचा की नंतरचा’ हा वाद कलेक्टर मंडळी चवीनं घालतायत. १९९३ मध्ये कंपनीनं हाच अॅम्प ‘६५’ असं साल नावातच लावून पुन्हा काढला. तोच चेहरा, तीच बटणं, कागदावर जवळपास तेच सर्किट. याला म्हणतात रीइश्यू. इथे हातात पडेपर्यंत लाखाच्या पुढे जातो. भिडूनं बोनस त्यासाठीच बाजूला काढला होता.

आणि तेवढ्यात न्यू जर्सीहून मामाचा फोन. मामा-मामी मोठं घर विकून छोट्या अपार्टमेंटमध्ये चाललेत. तळघरात मुलासाठी कधीतरी गराज सेलमध्ये घेतलेला एक अॅम्प पडलाय. मुलानं वर्षभर वाजवला, मग कॉलेजला गेला तो गेलाच. मागच्या बाजूचा फोटो आला आणि आमचा माणूस खुर्चीतून उडालाच. १९६६ चा डीलक्स रिव्हर्ब! अमेरिकेत असा अॅम्प दोन-तीन हजार डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही. मामा म्हणाला, घेऊन जा, पैसे कसले विचारतोस. नाही नेलास तर महिनाअखेरीला विकून टाकतो.

आता सांगा बॉस, यात विचार काय करायचा? फुकट ओरिजिनल विरुद्ध लाखाची कॉपी. पण त्यानं विचारलं आणि मी चार दिवस डोकं खाजवलं. म्हणून हा कॉलम.

आधी आवाजाचं बोलू, कारण भक्तांचा सगळा गलका तिथेच असतो. जुन्यात प्रत्येक वायर हातानं सोल्डर केलेली आहे, नव्यात छापील सर्किट बोर्ड. म्हणून जुन्याचा आवाज ‘जिवंत’, असं ते म्हणतात. मला हे फारसं पटत नाही. वीज वायरमधून गेली काय आणि बोर्डावरच्या तांब्यातून गेली काय, तिला फरक कळत नाही. फरक असतो स्पीकरचा आणि वयाचा. त्या काळचे कार्बनचे रेझिस्टर साठ वर्षांत आपली किंमत बदलून बसतात, स्पीकरचा कागद सैल होतो. त्यामुळे १९६६ चे दोन अॅम्प शेजारी ठेवले तर तेसुद्धा एकसारखे वाजत नाहीत. एखादा स्वर्ग असतो, एखादा नुसताच घशात खाकरतो. मामाचा कुठल्या जातीचा आहे, हे तळघरातल्या फोटोवरून कळत नाही. रीइश्यूचं बरं असतं, दुकानात बसून तासभर वाजवून बघता येतो.

पण रेवदंड्याच्या बाबतीत आवाज हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला विजेचा.

अमेरिकन अॅम्प १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा. आपली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. व्होल्टेज उतरवायला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण हर्ट्झ तो बदलत नाही. ६० साठी बांधलेल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर ५० हर्ट्झमध्ये वीस टक्के जास्त ताण येतो आणि तो तापतो. त्यात गावच्या लाइनवर व्होल्टेज चढलं, की साठ वर्षांचं इन्सुलेशन किती सोसणार? त्या वेळचे अमेरिकन अॅम्प दोन पिनांच्या वायरचे, म्हणजे अर्थिंगशी संबंधच नाही. वर एक छोटा कपॅसिटर विजेच्या लाइनपासून थेट अॅम्पच्या पत्र्याला जोडलेला. तो बिघडला तर लाइनची वीज पत्र्यातून गिटारच्या तारांपर्यंत येते. जाणकार त्याला मृत्यूचा कपॅसिटर म्हणतात आणि ते चेष्टेनं म्हणत नाहीत. १९७२ मध्ये स्वान्सीच्या स्टेजवर स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे एका हातात गिटार असताना अर्थिंग नीट नसलेल्या माईकला हात लागून गेला. पावसाळी हवेत, ओल्या शहाबादी फरशीवर, अनवाणी उभं राहून वाजवणाऱ्या माणसानं हे लक्षात ठेवलेलं बरं.

मग हवा. एकीकडे अरबी समुद्र, दुसरीकडे कुंडलिकेची खाडी. पोर्तुगीजांच्या तटबंदीचा दगडसुद्धा या हवेनं खाल्लाय, तिथे स्पीकरच्या लोखंडी चौकटीची काय कथा. जून ते सप्टेंबर बंद घरात ठेवलेल्या कागदी कोनवर बुरशी धरते, मग तो १९६६ चा असो वा या वर्षीचा. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा कौलं उडालेली घरं आठवा. आत अॅम्प असता तर?

एवढं वाचून वाटेल, मी रीइश्यूच्या पार्टीत आहे. इथला डीलर तो २३० व्होल्टचा देतो, तीन पिनांचा असतो, वॉरंटी मिळते. फंडा क्लिअर. पण हा अॅम्प बिघडेल तेव्हा काय? व्हॉल्व्हचा अॅम्प बिघडतोच, ते गृहीत धरायचं. छापील बोर्डाचा अॅम्प उघडला की गावातला मेकॅनिक हात जोडतो, म्हणजे तो पुन्हा गाडीत घालून मुंबई गाठा. मामाचा अॅम्प उघडला तर आत मोकळी जागा, मोठे मोठे सुटे भाग, प्रत्येक वायर डोळ्यांनी दिसणारी. जुना रेडिओ दुरुस्त केलेला कुणीही तो वाचू शकतो. रेझिस्टर-कपॅसिटर लॅमिंग्टन रोडवर मिळतात. व्हॉल्व्ह आजही रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ मध्ये रशियानं काही काळ निर्यात रोखली तेव्हा जगभरचे गिटारवाले हवालदिल झाले होते, पण ते निभावलं. आणि आपल्याकडची एक मजा म्हणजे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं एकेकाळी रेडिओसाठी ईसीसी ८३ व्हॉल्व्ह भरपूर बनवले. डीलक्स रिव्हर्बमध्ये लागणारा १२एएक्स७ म्हणजे हाच, नाव फक्त अमेरिकन. एखाद्या बंद पडलेल्या रेडिओच्या दुकानात खोक्यात पडलेला जुना ईसीसी ८३ मिळाला तर सोडू नका.

जाता जाता, हे मामाचं प्रकरण इतकं दुर्मिळ का, तेही सांगतो. १९९१ पर्यंत आयातीवर इतके निर्बंध होते की परदेशी अॅम्प इथे यायचा तो कुणाच्या तरी नातेवाइकाच्या कृपेनंच. सत्तरच्या दशकात मुंबईत रॉकचं जाम वेड होतं, सिमला बीटसारख्या स्पर्धा व्हायच्या, १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे पेज आणि प्लांट इथे येऊन मुंबईच्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेले. पण सामानाच्या नावानं बोंब. म्हणून आपल्या चोर बाजारात जुना फेंडर शोधत फिरणं म्हणजे टाइमपास.

तर प्रश्न असा होता: तुझ्याकडे मेकॅनिक कोण आहे? भिडूनं अलिबागला चौकशी केली. आयुष्यभर रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्त केलेले, सत्तरी ओलांडलेले एक काका सापडले. बेंजो पार्टीवाले अजून त्यांच्याकडेच येतात. काकांनी फोनवरचा फोटो मोठा करून पाहिला आणि पहिला प्रश्न केला की घरात अर्थिंग आहे का, पाइप किती खोल पुरलाय. आवाजाबद्दल एक शब्द नाही. तेव्हाच माझं मत ठरलं.

मामाचा घे. पण आहे तसा वापरायचा नाही. पॉवर ट्रान्सफॉर्मर बदलून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा बसवायचा, असे तयार मिळतात. जुना फडक्यात गुंडाळून कपाटात. कलेक्टर म्हणतील किंमत उतरली. उतरू दे, मामाची वस्तू विकायची कुणाला आहे? तीन पिनांची वायर आणि नीट अर्थिंग, तो मृत्यूचा कपॅसिटर कापून बाहेर, सगळे मोठे फिल्टर कपॅसिटर नवे. हे सगळं काका करतील. स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचं नाही, आत चारशे व्होल्टच्या पुढे साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहतो. विमानात आणताना व्हॉल्व्ह काढून हँडबॅगेत मोज्यांमध्ये. अॅम्प खोक्यासकट २३ किलोच्या आत बसवायचा, म्हणजे मामीचे चॉकलेटचे डबे यंदा नाहीत. आणि मे संपला की गाडीत घालून रो-रोनं मांडवा ते भाऊचा धक्का. चार महिने अंधेरीत तीनच्या खालीच वाजवायचा.

मामा नसलेल्यांनी, म्हणजे नेटवर फोटो बघून जुना अॅम्प मागवायच्या बेतात असलेल्यांनी, या सगळ्यातलं काहीही मनावर घेऊ नये. तुमच्यासाठी रीइश्यू, तोही इथल्या डीलरकडून. भाच्याला फुकट मिळालेल्या लॉटरीसाठी तुम्ही दोन-तीन हजार डॉलर मोजायचे, वर बोट-विमानाचं भाडं, वर काकांचं काम, आणि एवढं करून तो खाकरणारा निघाला तर? आणि पाठदुखी असेल तर २०१९ पासून फेंडरचाच टोन मास्टर मिळतो. आत व्हॉल्व्ह नाहीत, सगळं डिजिटल, वजन जवळपास निम्मं. भिडूला हे सुचवलं तर त्यानं दोन दिवस माझा फोन घेतला नाही.

काकांनी एक काम आत्ताच सांगून ठेवलंय. शंभर वॉटचे तारेचे जुने पिवळे बल्ब दोन आणून ठेवायचे. पहिल्यांदा अॅम्प चालू करताना बल्ब सिरीजमध्ये लावतात. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तसाच झगझगीत पेटून राहिला तर ताबडतोब बंद करायचं आणि आत काय चिकटलंय ते शोधायचं. एलईडीच्या जमान्यात असे बल्ब दुकानदाराला माळ्यावरून काढून द्यावे लागतात, तेव्हा आधीच घेऊन ठेवलेले बरे.