बीरगांवचा कामगार आणि आश्वासनांचा लिलाव

रायपूरच्या वेशीवरील बीरगांव ही उरला औद्योगिक क्षेत्राच्या धुराखाली जगणारी कामगारवस्ती होय. ती ज्या रायपूर ग्रामीण मतदारसंघात मोडते, तेथे 2018 साली काँग्रेस विजयी झाली. 2023 साली ती जागा भाजपने हिरावून घेतली. राज्यात काँग्रेसच्या जागा 68 वरून 35 वर घसरल्या. त्याबरोबर उदारमतवादी पंडितांनी जनतेलाच दोषी ठरविले! आकडे निराळेच सांगतात. काँग्रेसची मते 43 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर आली, म्हणजे जेमतेम एका टक्क्याने घटली. भाजपची 33 वरून 46 टक्क्यांवर गेली. इतरत्र विखुरलेली मते भाजपकडे एकवटली, आणि सत्तेची पाच वर्षे हाती असूनही काँग्रेसला श्रमिकांचा एकही नवा थर आपल्या बाजूस उभा करता आला नाही.

का करता आला नाही? धानाला क्विंटलमागे 2,500 रुपये आणि कर्जमाफी शेतकऱ्याला मिळाली. तिचे मोल कोणी नाकारू नये. परंतु पोलाद कारखान्यांत कंत्राटदाराच्या हजेरीपटावर राबणाऱ्याचे काय? कंत्राटी पद्धतीला या सरकारने धक्का लावला नाही. मग 2023 मध्ये भाजपने धानाला 3,100 रुपये पुकारले, काँग्रेसने 3,200; भाजपने विवाहित स्त्रियांना दरमहा 1,000 रुपये देऊ केले, तर काँग्रेसने मतदानाच्या तोंडावर वर्षाला 15,000. तेथील सरकारी हिंदीत अशा नागरिकाला ‘हितग्राही’ म्हणतात, आपण ‘लाभार्थी’ म्हणतो. दोन्ही शब्दांत घेणारा हात आहे, राबणारा नाही.

समाजवाद्यांचा मार्गही याहून वेगळ्या ठिकाणी पोचला नाही. 1977 साली पुरुषोत्तम कौशिक यांनी रायपुरात आणीबाणीतील मंत्री विद्याचरण शुक्ल यांना पराभूत केले, परंतु जनसंघ सामावून घेतलेल्या जनता पक्षाच्या झेंड्याखाली. 1989 साली कौशिक जनता दलातर्फे दुर्गमधून लोकसभेवर गेले. रायपूर भाजपचे रमेश बैस यांनी जिंकले, आणि 1996 पासून तेथे भाजपखेरीज कोणी निवडून आलेले नाही.

याच पट्ट्यात, भिलाईपासून उरलापर्यंत, शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेने 1990-91 मध्ये कायम नोकरी व जगण्यापुरते वेतन मागितले. 28 सप्टेंबर 1991 रोजी नियोगींची हत्या झाली. 1 जुलै 1992 रोजी भिलाईत पोलिसांच्या गोळीबारात 16 कामगार पडले. तेव्हा भोपाळला भाजपचे सरकार होते. पुढच्याच वर्षी काँग्रेस सत्तेवर आली आणि दहा वर्षे, आधी भोपाळहून, मग रायपूरहून, तिने राज्य केले. 2018 नंतर आणखी पाच वर्षे. पंधरा वर्षांत कंत्राटदाराचा हजेरीपट तिने एकदा तरी उघडून पाहिला काय?